बोंडअळीला आणि नवरीला एकच भिंग

चिन्मय, मागच्या रविवारी तू टोरांटोहून फोन केलास आणि विचारलंस, "आजी, मोठ्या फिल्मचा एक जुना कॅमेरा मिळालाय. लेन्स मात्र एकच परवडणार आहे. मला अगदी जवळून किडे, फुलं काढायची आहेत आणि माणसांचे चेहरेही. कोणती घेऊ?" मी म्हटलं, "लांब पल्ल्याची घे आणि तीक्ष्ण घे." त्यावर तू म्हणालास की चेहऱ्यांसाठी सगळे जण मऊ लेन्स सुचवतात.

सगळे तेव्हाही हेच सुचवत होते. नागपूरचा दुकानदार, माझे थोरले दीर, गिऱ्हाइकं, गिऱ्हाइकांच्या मावश्या. मी कुणाचं ऐकलं नाही आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. फोनवर हे सगळं सांगता येत नाही, कारण तुझी आई मध्येच माझ्या औषधांची चौकशी सुरू करते. इकडे दिवाळी अंकाच्या संपादकबाईही "तुमच्या धंद्याविषयी लिहा" म्हणून मागे लागल्या आहेत. तेव्हा क्रमाने लिहिते. ईरा, तूही भावाबरोबर वाच.

माझे वडील अमरावतीला हायस्कुलात विज्ञान शिकवत आणि फावल्या वेळात फोटो काढत. मागच्या मोरीत त्यांची डार्करूम होती. माझी पोळी गोल यायच्या आधी मला निगेटिव्ह धुता येऊ लागली. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि लग्न होऊन अकोल्याला जठारपेठेत आले. सासरी सगळे वकील. तुमचे आजोबा वकील, आणि त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना घरात दादा म्हणत, ते त्यांच्याहून मोठे वकील. घराला रस्त्याच्या अंगाने एक खोली होती आणि तिला उत्तरेकडे मोठी खिडकी होती. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, त्यात उन्हाचे पट्टे पडत नाहीत. कायद्याच्या पुस्तकांना अशा उजेडाचा काही उपयोग नाही. मी ती खोली स्टुडिओसाठी मागितली. दादांनी दिली, पण "सध्या" हा शब्द न विसरता वापरून दिली.

बाहेर पाटी लावली: "फक्त स्त्रिया व मुले". गावात चांगले फोटोग्राफर होते, पण सगळे पुरुष. मान वळवायची, हनुवटी उचलायची, पदर सारखा करायचा, तर ते बिचारे लांबूनच हातवारे करणार आणि बाई लाकडासारखी ताठ बसणार. माझ्याकडे बायका मोकळ्या बसत. त्यांतल्या बऱ्याचशा लग्नाच्या मुली. तेव्हा पाहुणे मुलगी बघायला येण्याआधी तिचा फोटो मुलाकडे जायचा. तो काढायला बाप मुलीला घेऊन यायचा, सोबत एखादी मावशी, आणि मावशीबरोबर तिच्या सूचना. "बाई, रंग जरा उजळ येऊ द्या." "नाक थोडं लहान नाई का येनार?"

हसू नका, नाकाची तक्रार खरी होती. माझ्याकडे वडिलांचा जर्मन कॅमेरा होता. रोलवर बारा चौकोनी चित्रं येत. वरून आरशात पाहून फोटो घ्यायचा. त्याचं भिंग काढून दुसरं बसवता येत असे, पण बसवायला दुसरं होतं कुठे? होतं ते आठ सेंटिमीटरचं. घर, बाग, बारशातली गर्दी टिपायला उत्तम. नुसता चेहरा चौकटीत भरायचा तर मात्र माणसाच्या दोन फुटांवर जावं लागे, आणि इतक्या जवळून नाक पुढे येतं, कान मागे पळतात. शिवाय तोंडापुढे यंत्र आलं की कुणाचाही चेहरा धड राहत नाही. पंधरा सेंटिमीटरचं भिंग असतं, तर तोच चेहरा चार फुटांवरून तेवढाच मोठा आला असता आणि नाक आपल्या जागी राहिलं असतं.

तरी मी निभावून नेत होते. मग शेतकी खात्यातले एक अधिकारी आले. कपाशीवरच्या किडी हा त्यांचा विषय, म्हणून घरात त्यांचं नाव अळीसाहेब पडलं. त्यांना बोंडअळीचे मोठे, स्वच्छ फोटो हवे होते: अळी, तिची अंडी, तिने बोंडाला पाडलेलं भोक. ते छापून गावोगावच्या चावडीत लावायचे होते. अंडी इतकी बारीक की शेतात कुणाच्या नजरेला पडत नसत, आणि भोक दिसेपर्यंत बोंड हातचं गेलेलं असे. मी त्यांना बाहेरची पाटी दाखवली. ते म्हणाले, "फोटो माझा नाही काढायचा, बाई. अळ्यांचा काढायचाय. निम्म्या तरी माद्या असतील."

एवढं बोलल्यावर नाही कसं म्हणणार? पण माझ्या भिंगाने ते काम होईना. जवळचा फोटो काढायचा म्हणजे कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये पोकळ नळी बसवायची. भिंग जितकं पुढे सरकेल तितकी वस्तू मोठी दिसते. पण आठ सेंटिमीटरच्या भिंगाला अळीपासून अर्ध्या वितेवर जावं लागे आणि कॅमेऱ्याचीच सावली अळीवर पडे. पंधराच्या भिंगाला वीतभराहून जास्त अंतर मिळतं, उजेड आत शिरतो. थोडक्यात, नवरीला आणि अळीला, दोघींसाठीही मी जरा लांब उभं राहायला हवं होतं.

परदेशी माल तेव्हा नवा मिळणं फार कठीण. कुणी साहेब मायदेशी जाताना विकून गेला तर तेच. नागपूरला सीताबर्डीवर जुन्या कॅमेऱ्यांचं एक दुकान होतं. तिथे माझ्या कॅमेऱ्याला बसणारी पंधरा सेंटिमीटरची दोन भिंगं निघाली. एक मऊ, एक तीक्ष्ण. दोन्ही घेण्याची ऐपत नव्हती.

मऊ भिंग मुद्दाम तसं घडवलेलं असतं. त्यातून रेष किंचित पसरते, उजेडाच्या कडेला धुकं येतं आणि सुरकुती, लव, वण सगळं त्यात विरून जातं. चेहरा लोण्याचा केल्यासारखा दिसतो. अळीही लोण्याची दिसते, आणि तिची अंडी दिसतच नाहीत.

दुकानदार म्हणाला, "ताई, मऊ घ्या. तुमचा धंदा चेहऱ्यांचा. अळी काय, कशीही आली तरी तक्रार करायला येते का?"

मी अकोल्याहून ओल्या फडक्यात गुंडाळून कपाशीची बोंडं लागलेली फांदी नेली होती. ती टेबलावर ठेवली, शेजारी तुमच्या आजोबांना स्टुलावर बसवलं आणि दोन्ही भिंगं आळीपाळीने लावून काचेवर पाहिलं. मऊ भिंगातून आजोबा राजकुमार दिसत होते. तीक्ष्ण भिंगातून त्यांच्या कानांवरचे केस दिसत होते.

"काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

"कानांवर केस आहेत."

"लग्नाआधी नव्हते दिसले?"

"लग्नाआधी तुमचा फोटो मऊ भिंगाने काढलेला होता."

मी तीक्ष्ण घेतलं. दुकानदाराने मान हलवली. "गिऱ्हाईक पळेल तुमचं. परत आणाल तेव्हा मी इथेच आहे."

"बसा वाट बघत," मी म्हटलं.

नळ्या जिनिंगच्या कारखान्यातल्या फिटरकडून पितळेच्या करून घेतल्या. आतून चकाकू नयेत म्हणून काजळीने काळ्या केल्या. नळी लांब झाली की फिल्मवर उजेड कमी पोचतो. वस्तू फिल्मवर तिच्या खऱ्या आकाराएवढी आणली तर चौपट उजेड द्यावा लागतो, आणि स्पष्ट येतो तो भाग तांदळाच्या दाण्याच्या जाडीचा. ती जाडी वाढवायला भिंगाचं छिद्र बारीक करायचं तर कित्येक सेकंद थांबावं लागतं. तेवढा वेळ अळी थांबत नाही. दिव्याच्या उष्णतेने तर ती चालूच लागते. मग मी तिला वाटीत घालून ओल्या माठाला लागून ठेवायची. गारव्याने ती सुस्तावली की बोंडावर ठेवून खिडकीच्या उजेडात फोटो घ्यायचा. एका बाजूला छोटा आरसा धरला की पोटाखालचाही अंधार जातो. अळीसाहेबांना दाखवले तेव्हा ते फोटो घेऊन खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "हिच्या अंगावरचे केस मोजता येतात हो!" फोटो छापून चावड्यांमध्ये लागले. खाली खात्याचं नाव होतं, माझं नव्हतं. ते मला तेव्हाही खटकलं होतं आणि आताही खटकतं.

गिऱ्हाइकांबाबत दुकानदाराचं म्हणणं बरंचसं खरं ठरलं. "अवं बाई, आमच्या पोरीच्या ओठावर एवढी लव हाये का?" हाये म्हटलं की मावशी उठायची. उपाय मला येत नव्हते असं नाही. भिंगापुढच्या काचेवर व्हॅसलीनचा हात फिरवला की तीक्ष्ण भिंगही मऊ होतं. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने हलके ठिपके देत गेलं की खळगे भरून निघतात, छापल्यावर गाल सपाट. वडिलांनी ते शिकवलं होतं आणि माझा हात चांगला होता. पण मी माझ्यापुरता नियम केला. पुटकुळी चार दिवसांत जाते, ती मी काढत असे. जे चेहऱ्यावर राहणार आहे ते फोटोतही राहील. गेलेल्या बायका परत आल्या नाहीत. त्यांच्या गप्पांची आठवण मात्र येई. खोली रिकामी दिसू लागली आणि दादांना आपल्या "सध्या"ची आठवण होऊ लागली.

अशात कापसाची वेचणी संपल्यावर तेल्हाऱ्याचे संपतराव आपल्या मुलीला, विमलला, घेऊन आले. काळ्या जमिनीचे मोठे शेतकरी. त्यांचा जमिनीचा दावा दादांकडे होता, म्हणून फोटोही वकीलसाहेबांच्या घरीच काढायचा असा त्यांचा हिशेब. विमल मॅट्रिक झालेली, उंच, थेट डोळ्यांत पाहून बोलणारी. लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या. दोन्ही गालांवर आणि नाकावर वण. ईरा, देवीचा रोग तुम्ही पाहिला नाही. तेव्हा घराघरात त्याच्या खुणा असलेला एक तरी चेहरा असे.

संपतरावांनी आधीचा फोटो दाखवला. दुसऱ्या कुणी तरी पेन्सिल फिरवून साफ केलेला. उकडून सोललेल्या अंड्यासारखा.

"असाच पायजे," ते म्हणाले. "याच्याहून बी साफ."

"बाबा, तुमी बाहेर बसा," विमल म्हणाली. ते बाहेर गेल्यावर माझ्याकडे वळली. "बाई, हा फोटो पाह्यला का लोक येतात. मले पाह्यलं का जातात. मंग निरोप येते, पत्रिका जुळत नाई. फोटो होता तवा जुळत होती! पोहे मात्र समदे खाऊन जातात."

मला हसू आलं, आणि तीही हसली.

"आमच्या चावडीत अळीचा फोटो लागला हाये, तो तुमीच काढला ना?"

"हो."

"तिच्या अंगावरचे केस न् केस दिसून राहिले. माहा तसाच काढा."

मी तसाच काढला. पण तीक्ष्ण म्हणजे निर्दय नव्हे, हे चिन्मय, तू नीट लक्षात ठेव. उजेड एका बाजूने तिरपा सोडला असता तर प्रत्येक वणाला सावली पडून तो दुप्पट खोल दिसला असता. तेही खोटंच झालं असतं. मी तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं, स्वतः खिडकीला पाठ लावून चार फुटांवर उभी राहिले आणि काचेत तिचे डोळे अगदी स्पष्ट दिसतील असं भिंग जुळवलं. वण होते तसे आले. तिची ती थेट नजरही आली. फोटो न्यायला आले तेव्हा तो हातात घेऊन ती म्हणाली, "हो. हे मी हाये."

संपतराव मात्र पाहूनच खाली बसले. "बाई, हे काय करून ठेवलं! जरा पेन्सिल फिरवा ना."

"नाही फिरवणार."

"त्या पहिल्यानं तं फिरवली होती!"

"मंग काय झालं, बाबा?" विमल म्हणाली. "पोहे संपले."

त्या दिवशी ते गेले ते सरळ दादांकडे. पुढचं आमच्या घरात जेवणाच्या पाटावर झालं. थोरले दीर धाकट्या भावजयीशी सरळ बोलत नसत, अशी तेव्हाची रीत. बोलणं व्हायचं ते तुमच्या आजोबांच्या मार्फत, आणि ते मधोमध बसून जेवत असायचे.

"तिला सांग," दादा भावाला म्हणाले, "संपतराव आपले जुने पक्षकार आहेत. एक पेन्सिल फिरवायची आहे, कुणाचा खून पाडायचा नाही."

"त्यांना सांगा," मी आमटी वाढता वाढता म्हटलं, "कोर्टात कागदावर खाडाखोड करून दाखल केला तर त्याला काय म्हणतात?"

"तिला सांग, फोटो म्हणजे शपथेवरची साक्ष नव्हे."

"त्यांना सांगा, मुलाकडचे तो साक्ष म्हणूनच बघतात. आणि उलटतपासणी मुलीची होते."

आजोबांनी घास तोंडात तसाच ठेवला. दादांनी ताट सरकवलं.

"मग तिला सांग, एक तर त्यांना हवा तसा फोटो करून द्यायचा, नाही तर अक्षय्यतृतीयेपासून त्या खोलीत माझे कारकून बसतील."

ही नुसती धमकी नव्हती. दादा बोलले की करत. दुसरी उत्तरेची खिडकी घरात नव्हती, आणि गावात एकट्या बाईला धंद्यासाठी खोली भाड्याने कोण देणार? खोली गेली की स्टुडिओ गेला, अळीसाहेबांचं काम गेलं, सगळंच गेलं. हे मला त्या क्षणी पक्कं माहीत होतं. मी आमटीचं पातेलं खाली ठेवलं.

"त्यांना सांगा, कारकून बसवा."

आजोबांनी खरोखरच "कारकून बसव म्हणते" असं सांगितलं. तेवढंच त्यांचं त्या भांडणातलं भाषण.

तिकडे विमलने बापाला सांगून टाकलं होतं की जठारपेठेचा फोटो गेला तरच मी दाखवायला बसेन. नाइलाजाने तोच फोटो चांदूर रेल्वे गावच्या एका शाळामास्तरांकडे गेला. त्यांचाही फोटो आला, आणि पाठोपाठ मास्तर आपल्या काकांसह तेल्हाऱ्याला आले. तिथे काय झालं ते विमलने मला पुढे स्वतः सांगितलं, तेव्हा मास्तर तिच्या शेजारी बसून मान डोलावत होते.

मास्तरांनी विमलकडे पाहिलं. फोटोत होतं तेच समोर होतं. मग विमलने मास्तरांकडे पाहिलं. उठली, कोनाड्यातून त्यांचा फोटो आणला आणि एकदा फोटोकडे, एकदा त्यांच्याकडे बघू लागली. फोटोत गुळगुळीत गाल. समोर, तिच्यासारखेच देवीचे वण. तिच्याहून चार जास्तच.

"हा फोटो कोनाचा हाये?"

"त्याचाच," काका म्हणाले.

"मंग हे कोन बसून राहिले?"

संपतरावांना भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मास्तर मात्र मोकळेपणाने म्हणाले, "तोही मीच, हाही मीच."

"तुमी माहा खरा फोटो पाहून आले. मले बी खरा पाहूनच सांगाचं हाये. जठारपेठेत एक बाई हायेत. त्यायच्याकडून काढून आना, मंग बोलू."

अक्षय्यतृतीया अगदी तोंडावर आली होती. सकाळी मी खोली आवरायला घेतली होती, तेवढ्यात संपतराव दारात उभे, आणि मागे पाटी वाचून थबकलेले मास्तर. "इथं तर फक्त स्त्रिया व मुले..." ते म्हणाले. मी म्हटलं, "या. तुम्हाला मुलगा म्हणूनच पाठवलंय ना?"

आवाज ऐकून कोर्टाचा काळा कोट घालत दादाही दारात आले. मास्तर स्टुलावर बसले, रुमालाने गाल पुसले. पुसून काय जाणार होतं? मी भिंग लावलं आणि काचेत डोकावले.

"बाई," मास्तर हळूच म्हणाले, "अगदी सगळं नाही, पण थोडंसं साफ करता आलं तर..."

"करा की हो थोडं," दादा म्हणाले. "पाहुणे आहेत." इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलले.

मी तोंड उघडायच्या आत संपतराव उसळले. "नाई नाई, वकीलसाहेब! जसं हाये तसंच निघू द्या. पोरगी म्हनून राहिली, एक वन कमी दिसला तं फोटो वापस. माही अब्रू आता या बाईच्या हातात हाये. तुमी काहून मधात पडता?"

दादा पक्षकाराकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. मग टेबलावरच्या पितळेच्या नळ्यांकडे आणि वाटीतल्या अळ्यांकडे.

"ते कारकुनांचं..." ते म्हणाले.

"कधी येताहेत? मी आवरायला घेतलंय."

दादांनी कोटाची बटणं लावली. "मागच्या ओसरीत बसतील ते. इथे उजेड फार आहे, त्यांच्या डोळ्यांना सोसायचा नाही." आणि कोर्टाला निघून गेले.

मी पुन्हा काचेत पाहिलं. मास्तरांचा रुमाल परत गालाकडे निघाला होता.

"रुमाल खिशात. हनुवटी थोडी खाली."

"बाई, अगदी थोडंसुद्धा नाही?"

"नाही," मी म्हटलं. "इकडे बघा. हलू नका."